पाहून राह्यला

माझी बायको हसत नाही, ही तक्रार मी पहिल्यांदा माझ्या मायजवळ केली. लग्नाला तेव्हा वर्ष झालं असेल. माय चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. तिने हातातली भाकर तव्यावर टाकली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "न हासो! रडत तं नाई ना? मंग माहा जीव कायले खाऊन राह्यला?"

आता मायला काय सांगणार? अख्खं पुलगाव ज्याच्या नकलांवर पोट धरून हसतं, त्याच्या स्वतःच्या घरात त्याची बायको मख्ख बसून राहते, हे दुःख तिला कळणारं नव्हतं. आम्ही शेजारच्याच नाचणगावचे. मी पुलगावच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो. पण भूगोलाचा मास्तर म्हणून मला कुत्रं ओळखत नव्हतं. मी म्हणजे नकलावाले गुरुजी. गणपती असो, शारदोत्सव असो, कोणाच्या घरचं लग्न असो, पानसुपारी झाली की लोक म्हणायचे, "गुरुजी, होऊन जाऊ द्या." आणि गुरुजी होऊन जाऊ द्यायचे.

माझी सगळ्यांत गाजलेली नक्कल ग्रेडरची. कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागायची आणि कास्तकार तोंड कोरडं करून उभे असायचे. मग मालाची प्रत आणि भाव ठरवणारा ग्रेडर यायचा. तो गाडीतून कापसाचं बोंडूक, म्हणजे चिमूटभर पुंजका, उचलायचा, दोन बोटांत ताणायचा, उन्हाकडे धरायचा, नाकाजवळ न्यायचा, आणि असं तोंड करायचा की कापूस नाही, कालची कढी हुंगतोय. बस. एवढंच. तोंडातून शब्द न काढता मी एवढं केलं की माणसं सतरंजीवर लोळायची. आमच्या लग्नात, मांडवातच, व्याही मंडळींनी आग्रह केला म्हणून मी ही नक्कल केली होती. सासरा आष्टीकडचा कास्तकार, मानपानावरून सकाळपासून फुगून बसला होता. तो एवढा हसला की त्याचा फेटा सुटला. नवरी तेवढी खाली मान घालून बसली होती. मी मनाला समजावलं, नवरी कुठं हसते? लोक काय म्हणतील?

पण नवरीची बायको झाली, मग सुनबाई झाली, तरी तिची मान तशीच. जेवताना मी शाळेतली गंमत सांगायचो, हेडमास्तरांचा आवाज काढायचो. बाबा हसायचे, धाकटा भाऊ घास अडकेपर्यंत हसायचा. मी हळूच हिच्याकडे बघायचो. ही म्हणायची, "भाजी वाढू काय?"

माणूस मुळातच गंभीर असता तर मी समजून घेतलं असतं. एकेकाचा पिंडच असतो तसा. पण ही हसायची! आमच्या शेजारी पोस्टमास्तर राहायचे, त्यांच्या बायकोशी हिची गट्टी. पोस्टाच्या वयनी म्हणजे तोंडाने फटाकडी बाई, गल्लीतून जाताना हेडमास्तरांनासुद्धा स्वतःहून "जयभीम गुरुजी, आज डबा इसरले वाटते" असं ऐकवणारी. दुपारी दोघी अंगणात गहू निवडायला बसायच्या. मी शाळेतून येताना कोपऱ्यावरच मला हसण्याचा आवाज यायचा. मी फाटक उघडलं की आवाज बंद. "काय झालं?" मी विचारायचो. "काई नाई." "सांग ना." "तुमाले नाई समजनार थे."

मला? नकलावाल्या गुरुजीला विनोद समजणार नाही? तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा तर ही आमच्या बकरीवर हसली. मी न्हाणीत होतो, आतून ऐकलं. टॉवेल गुंडाळून धावत बाहेर आलो तर ही तोंडाला पदर लावून आत पळाली आणि बकरी माझ्याकडे बघत उभी. मी त्या बकरीला खालून वरून न्याहाळलं. तिच्यात असं काय होतं जे माझ्यात नव्हतं? हसू नका. मला खरंच वाईट वाटलं होतं.

पिकतं तिथं विकत नाही, म्हणतात. मी म्हटलं, ठीक आहे, मग बाहेरच्या माणसाकडून किंमत करून घेऊ. आणि ती संधी चालून आली. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. दिवाळीच्या सुट्टीत वर्ध्याला एका कॉलेजात सिनेमाचं शिबिर भरणार होतं. पुण्याहून सिनेमाच्या शाळेची मंडळी येणार, सोबत पेट्या भरून सिनेमे आणणार, सिनेमा कसा बघायचा ते शिकवणार. मास्तरांना प्रवेश होता. मी नाव दिलं. मायला सांगितलं तर ती म्हणाली, "सिनेमाले का शाळा लागते? तिकीट काढा, बसा, पाहा, घरी या." बाबा म्हणाले, "बरं होईल. भूगोल नाई शिकवत तं सिनेमा तरी शिकवन."

शिबिर मजेचं होतं. खिडक्यांना सतरंज्या टांगून हॉलमध्ये दिवसाढवळ्या अंधार करायचे. दाढीवाले सर, खांद्याला झोळी लावलेली पोरं, आणि एकच मशीन; एक रीळ संपलं की दिवे लागायचे, दुसरं चढेपर्यंत आम्ही एकमेकांची तोंडं बघायचो. मुके सिनेमे दाखवले, जपानी दाखवले. एका दृश्यात नुसती रिकामी खुर्ची होती. दाढीवाल्या सरांनी विचारलं, "ही खुर्ची रिकामी का आहे?" मी म्हटलं, "बसणारा उठून गेला म्हणून." सगळं शिबिर हसलं. सर हसले नाहीत, पण त्यांच्या दाढीत काहीतरी हललं, ते मी टिपलं. म्हणजे माझं नाणं पुण्याच्या लोकांतही चालत होतं.

शेवटच्या दिवशी विनोदी सिनेमे काढणारे एक दिग्दर्शक येणार होते. त्यांचा नवा सिनेमा दाखवणार आणि मग बोलणार. नाव मी सांगत नाही; त्या काळात त्या नावावर पुलगावच्या टॉकीजबाहेर सायकलींची गर्दी व्हायची. मी त्यांचे दोन सिनेमे बघितले होते. पहिला बघून वाटलं, हे तर मीही करू शकलो असतो. दुसरा बघून वाटलं, हा माणूस मुंबईत जन्मला आणि मी नाचणगावात, एवढाच फरक. खोटं कशाला बोलू, त्या माणसाचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखायचं.

शिबिर चालवणाऱ्या प्राध्यापकांना मी गाठलं. म्हटलं, "सर, शेवटच्या दिवशी साहेबांसमोर आपल्या भागातली एक नक्कल होऊन जाऊ द्या. पाचच मिनिटं." ते म्हणाले, "अरे वा, होऊन जाऊ द्या." शेवटच्या दिवशी घरच्यांना आणायची मुभा होती. माझ्या डोक्यात सगळं चित्र तयार झालं. मी ग्रेडर करणार. दिग्दर्शक साहेब खुर्चीतून खाली पडेपर्यंत हसणार. मग उठून माझी पाठ थोपटणार. आणि ही ते बघणार. एवढ्या मोठ्या माणसाला हसू आलेलं बघून तरी हिला हसू येईल की नाही? दिग्दर्शकाची शाबासकी मला नको होती अशातला भाग नाही. पण खरी मला ती हिला दाखवायला हवी होती.

ही यायला तयार होईना. "मी काय करू तिथं? पुन्याचे लोक, इंग्रजी बोलतीन." शेवटी पोस्टाच्या वयनींना सोबत घेतलं तेव्हा कुठं तयार झाली. सकाळच्या पॅसेंजरने वर्ध्याला गेलो. दोघी खिडकीशी बसून कुजबुजत होत्या, खिदळत होत्या, आणि मी समोरच्या बाकावर ग्रेडरची बोटं मनातल्या मनात ताणत होतो.

दिग्दर्शक साहेबांना बघून मी चाटच पडलो. मला वाटलं होतं, कोणीतरी गोलमटोल, हसऱ्या तोंडाचा माणूस येईल. आला तो एक काटकुळा, गळ्याला मफलर, सर्दीने नाक लाल. विमा एजंट म्हणून आमच्या गल्लीत फिरला असता तर कोणी दार उघडलं नसतं. स्टेजवर प्राध्यापकांनी हार घातला तर त्यात तीनदा शिंकला. एकही विनोद केला नाही. म्हणाला, "आधी सिनेमा बघू. मग बोलू." मी मनात म्हटलं, हा हसवणार? आमच्या पोस्टमास्तरांचं मांजर यापेक्षा जास्त हसवतं.

सिनेमा सुरू झाला. बायका डाव्या बाजूला, आम्ही उजवीकडे. मी सवयीने मागे वळून बघितलं, साहेब कुठं बसले आहेत म्हणून. ते बसलेच नव्हते. मागच्या भिंतीला टेकून उभे होते, पडद्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मान खाली, डोळे मिटलेले, नुसते कान देऊन उभे.

सिनेमा एका कारकुनाचा होता. चारचौघांत गमती सांगायची त्याला भारी हौस. कुठं बारसं असो, साखरपुडा असो, हा मधोमध. ग्रुप फोटोच्या प्रसंगात तो मागच्या स्टुलावरून पडतो आणि सोबत सगळी रांग घेऊन जातो, तेव्हा तर हॉल असा हसला की खिडकीवरची एक सतरंजी निसटली. मीही हसलो. जळत होतो, पण हसलो. काम चोख होतं.

मग तो बारशाचा प्रसंग आला. कारकून पंगतीत एक गोष्ट सांगतो. गोष्ट काही विशेष नाही, पाहुणे थोडेफार हसतात. आणि ते हसत असताना तो कारकून मान थोडी लांब करतो, डोळ्याच्या कोपऱ्यातून बाजूला बघतो. तिथं त्याची बायको जिलेबी वाढत असते. ती वाढतच पुढे जाते. त्याची मान परत जागेवर. बस, संपला प्रसंग. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. हसण्यासारखं त्यात होतं तरी काय?

आणि त्या शांततेत कोणीतरी हसलं.

साधंसुधं नाही, पार पोटातून, खळाळून, आवरता आवरेना असं. मला वाटलं कोण ही भैताड बाई, जिथं हसायचं नाही तिथं हसून राह्यली. आजूबाजूचे वळून बघायला लागले. मीही वळलो. अंधारात मला आधी पोस्टाच्या वयनी दिसल्या, त्या शेजारणीची पाठ थोपटत होत्या. आणि शेजारीण तोंडावर पदर धरून गदागदा हलत होती. तो पदर मी ओळखला. दिवाळीत मीच घेतलेलं लुगडं होतं.

काय सांगू मला काय झालं! इतकी वर्षं मी गुडघे टेकले, घसा फोडला, हेडमास्तर झालो, ग्रेडर झालो, रेल्वेचा टीसी झालो, आणि बाई हसली कोणावर, तर पडद्यावरच्या एका फालतू कारकुनावर. तेही तो काही करत नसताना! मला पडद्यावर जाऊन त्याची कॉलर धरावीशी वाटली. पुढचा सिनेमा मी बघितलाच नाही. काय झालं त्या कारकुनाचं, मला आजही माहीत नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही.

दिवे लागले, टाळ्या झाल्या. साहेब पुढे आले, माईकसमोर उभे राहिले, नाक पुसलं. दाढीवाल्या सरांनी मोठा प्रश्न विचारायला तोंड उघडलं होतं, पण साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "मला आधी एक विचारायचंय," ते म्हणाले. "बारशाच्या प्रसंगात एकच व्यक्ती हसली. कोण ते?"

मला वाटलं, रागावला. बरं झालं, म्हटलं. चांगली झापावी.

"ती जागा मी भांडून ठेवली आहे," साहेब म्हणाले. "कापा म्हणून सगळे मागे लागले होते. मी जिथं जिथं हा सिनेमा दाखवला, तिथं मागे उभा राहिलो. त्या जागेवर आजपर्यंत कोणी हसलं नव्हतं. ज्या कोणी असतील त्यांनी मला सांगावं, का हसलात?"

पोस्टाच्या वयनींनी हिला कोपरानं ढोसलं. ही मान हलवत होती. वयनींनी दंडाला धरून उभीच केली. डोक्यावर पदर ओढून, खाली बघत, पुण्यामुंबईच्या लोकांसमोर ही उभी राहिली. जी बाई घरी माझ्याशी दोन वाक्यं सलग बोलत नव्हती ती.

"थो मानूस," ही म्हणाली आणि थांबली. "थो हासवून नाई राह्यला जी. थो पाहून राह्यला."

साहेबांचे कान सर्दीने बंद असावेत, किंवा मुंबईच्या माणसाला आमची बोली कळली नसावी. ते पुढे वाकले. "पाहुणा राहिला? कोण पाहुणा राहिला?"

पहिल्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. हिने मान वर केली. हिला वाटलं असेल, या शहाण्या माणसाला एवढंही समजत नाही. मग जरा जोरात, शाळेत पोराला सांगावं तसं तोडून तोडून म्हणाली, "पाहुना नाई जी! पा-हू-न. पाहून राह्यला थो. तोंडानं गोष्ट सांगते, अन् डोये हिंडवते. कोन हासलं, कोन नाई हासलं. घरचं मानूस हासलं का नाई. त्याचं अर्धं ध्यान गोष्टीत, अन् अर्धं ध्यान बायकोत."

हॉल फुटला. अक्षरशः फुटला. ग्रुप फोटोच्या वेळी नाही हसले एवढे लोक हसले. दाढीवाले सर हसले, दाढीसकट. झोळीवाली पोरं बाकावर हात आपटत होती. आणि साहेब! ज्याला मी खुर्चीतून पाडणार होतो, तो काटकुळा माणूस माईकचा दांडा धरून हसत होता, मफलरने डोळे पुसत होता. "पाहुणा राहिला," तो स्वतःशीच म्हणे, आणि परत हसे. कानामागून आली अन् तिखट झाली, दुसरं काय! बारा गावच्या स्टेजांवर घाम गाळला मी, आणि पाऊण मिनिटात हॉल खिशात घातला हिने.

साहेबांनी विचारलं, "हे तुम्ही कुठं बघितलंत?"

ही माझ्याकडे बघेल असं वाटलं. पण नाही बघितलं. "कुठं म्हंजे काय जी," ही म्हणाली, "घरोघरी असतेच थे." आणि खाली बसली. हिने नाव नाही घेतलं. पण पोस्टाच्या वयनी! त्या बाईने सरळ मान वळवून माझ्याकडे बघितलं. वयनींनी बघितलं म्हणून शेजारच्या बाईनं बघितलं, तिनं बघितलं म्हणून पुलगावचे शिबिरातले सगळे मास्तर माझ्याकडे बघायला लागले.

आणि नेमकं तेव्हाच प्राध्यापक महाशय उठले. "आता आपल्या भागातले सुप्रसिद्ध नकलाकार," असं म्हणून त्यांनी माझं नाव पुकारलं.

आता नाही कसं म्हणणार? मीच तर मागून घेतलं होतं. स्टेजवर चढलो. साहेब बाजूच्या खुर्चीवर बसले, मांडीवर रुमाल. मी सुरुवात केली. गाडीजवळ गेलो, बोंडूक उचललं, ताणलं. हशा आला. नेहमीचा, चांगला हशा. जिवात जीव आला. उन्हाकडे धरलं. आणखी हशा. समोर शेतकऱ्यांची पोरं होती, ती तर टाळ्या वाजवत होती. नाकाजवळ नेलं, कढीचं तोंड केलं, आणि इथं मी नेहमी एक थांबा घेतो. लोकांना हसायला वेळ द्यायला.

त्या थांब्यात मला माझी मान जाणवली. आयुष्यात पहिल्यांदा. ती आपोआप बायकांच्या बाजूला निघाली होती. मी तिला अडवायला बघितलं. देवाशप्पथ, बघितलं. ती अर्ध्यावर थांबली, पण डोळे काही ऐकेनात. ते बायकांच्या रांगेत जाऊन पोचलेच. ही खाली मान घालून बसली होती, दातांत पदर धरून.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "पाहून राह्यला!"

असा हशा मी माझ्या उभ्या आयुष्यात मिळवला नाही. कोणाच्या तरी डब्याचं झाकण घरंगळत गेलं त्याच्यावर लोक परत हसले. मी स्टेजवर ग्रेडरचं तोंड घेऊन उभा होतो, ते कुठं ठेवावं कळत नव्हतं. उतरलो. साहेब उठून जवळ आले, माझा हात हातात घेतला. "तुमच्या हाताचं काम फार चांगलं आहे," ते म्हणाले. मी वाट बघत होतो, आता पाठ थोपटतील. ते म्हणाले, "त्या बाई कोण आहेत?"

"माझी बायको," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग शिंकले. रुमालाआडून म्हणाले, "पुढचा सिनेमा लिहून झाला की आधी त्यांना वाचून दाखवायला पाहिजे." त्यांना! मी समोर उभा होतो, माझा हात त्यांच्या हातात होता, आणि वाचून दाखवायचं त्यांना. एक सांगतो, तो माणूस तरी काय करत होता? मागच्या भिंतीला उभा राहून कोण हसलं, कोण नाही हसलं, तेच मोजत होता ना? तोही पाहूनच राह्यला होता. फक्त अंधारात, पाठीमागून, म्हणून त्याला दिग्दर्शक म्हणायचं आणि मला बावळट? हे मी तेव्हा बोललो नाही. आता बोलतोय.

परतीच्या गाडीत पोस्टाच्या वयनी मुद्दाम पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. मी हिला विचारलं, "माह्यावर हासली तू?"

"हओ."

"इतक्या लोकांसमोर?"

"अंधार होता."

"मग घरी काऊन नाई हासत? मी एवढं करतो. बाबा हासते, भाऊ हासते, तुझा बाप हासला. तुले काय होते?"

ही बाहेर बघत होती. कापसाची वावरं पांढरी झाली होती, वेचणीच्या बाया डोक्यावर गाठोडी घेऊन बांधावरून चालल्या होत्या. बाहेर बघतच ही म्हणाली, "कवा हासू? तुमी पाहूनच राह्यता. मास्तर कसा पोट्ट्याले पाढे इचारते अन् छडी घेऊन उभा राह्यते, तसं. येनारं हासू बी पोटात जिरून जाते, बाप्पा." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मांडवातच आलतं हासू मले. तुमी पाह्यलं."

लग्नापासून! पुलगाव स्टेशन आलं. उतरताना विचारलं, "मग मी काय करू?"

"नोका पाहू," ही म्हणाली. "सोपं हाय."

सोपं! करून बघा म्हणावं. मी प्रयत्न सुरू केला. जेवताना गंमत सांगितली की वरणाच्या वाटीकडे बघायचो. मान आखडायची. कान टवकारून बसायचो तर भाऊ एवढ्या मोठ्यानं हसायचा की दुसरं काही ऐकू येत नव्हतं. त्याच्या पाठीत रट्टा घालावासा वाटायचा. मी शेवटी एकदा न राहवून विचारलं, "आज हासली काय?" ही म्हणाली, "इचारनं बी पाहनंच होय." घ्या! म्हणजे बघायचं नाही आणि विचारायचंही नाही. असा कायदा कुठल्या देशात असतो? भूगोलाच्या एकाही पुस्तकात मला सापडला नाही.

जानेवारीत शाळेचं गॅदरिंग झालं. शिबिराची हकीकत तोपर्यंत गावभर झाली होती, पोरं मला पाठीमागे "पाहून राह्यला" म्हणायची, तोंडावरही म्हणाली असती. मी स्टेजवर गेलो आणि मांडवाच्या टोकाला एक ट्यूबलाइट होती, तिच्यावर डोळे खिळवले. सबंध ग्रेडर मी त्या ट्यूबलाइटसमोर केला. थांब्यात मान निघाली तर हनुवटी छातीला टेकवून दाबून धरली. डोळ्यांत पाणी आलं उजेडानं. लोक हसले. त्यांच्यात ही होती, दुसऱ्या रांगेत, वयनींच्या शेजारी. मी बघितलं नाही. नाहीच बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत अंगणात उभा होतो तर वयनी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "काय गुरुजी, काल तं बाईनं कमालच केली. हासून हासून लोटपोट झाली. मले म्हने, वयनी धरा, पडते मी आता."

"माह्यावर?"

"नाई तं कोनावर? आमचे हे बी पाहून राह्यलते तिच्याकडे. म्हने, गुरुजीच्या घरचं मानूस इतकं हासते आपल्याले मालूमच नोतं."

म्हणजे पोस्टमास्तरांनी बघितलं. वयनींनी बघितलं. मागच्या रांगेतल्या सातवीच्या पोट्ट्यांनी बघितलं असेल, शिपायानं बघितलं असेल. सगळ्या पुलगावनं माझ्या बायकोला माझ्यावर हसताना बघितलं, आणि मी बघितली ट्यूबलाइट. त्या सकाळी मला ज्या ज्या माणसाला दोन डोळे आहेत त्या प्रत्येकाचा हेवा वाटला. वर्ध्याला तिच्या तोंडावर पदर होता आणि हॉलमध्ये अंधार. ही हसताना कशी दिसते, ते मला ठाऊकच नव्हतं.

मी चूळ भरली. ही आत चहा करत होती, भांड्यांचा आवाज येत होता. मी कुंपणाजवळ सरकलो आणि आवाज खाली आणून विचारलं, "वयनी, हासते कशी ती?"

वयनी माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, आता ही बाई गल्लीभर करणार. पण त्यांनी तसं काही केलं नाही. हातातलं सूप खाली ठेवलं, पदर खोचला, आणि नक्कल केली. मान मागे टाकली, डोळे गच्च मिटले, एका हातानं स्वतःच्याच गुडघ्यावर थापा मारल्या, आणि मधेच श्वास घ्यायला थांबून नाकातून एक बारीकसा आवाज काढला, पोर झोपेत काढते तसा. ग्रेडर, हेडमास्तर, टीसी, सगळ्या दुनियेच्या नकला करणारा मी, आणि माझ्या बायकोच्या हसण्याची नक्कल मला शेजारीण करून दाखवत होती. चांगलीच केली असावी, कारण आतून पोस्टमास्तरांचा आवाज आला, "बरोब्बर तशीच!"

मी म्हटलं, "अजून एकडाव करा."